सर्वोत्तम अंध, कराड

"तुमच्या वेबसाइटवर अंध फार कमी आहेत," तन्मय पोतनीस म्हणाला.

संस्थेच्या कार्यालयात आम्ही चौघे होतो. पोतनीस पुण्याहून आला होता आणि लॅपटॉप मांडून बसला होता. अध्यक्ष बापूसाहेब पिसाळ त्याच्याकडे जावई न्याहाळावा तसे पाहत होते. मी दाराजवळच्या स्टुलावर होतो. खुर्च्या संपल्या की मी स्टुलावर बसतो. त्या दिवशी दोन रिकाम्या होत्या, तरी बसलो होतो. टेलिफोनच्या टेबलाशी प्रमिला इंगवले होती. ती जन्मांध.

"इमारतीत मी एकटीच आहे ओ," ती म्हणाली. "पण कमी पडते असं आजवर कुणी बोललं नव्हतं."

"मॅडम, तुम्ही नाही. शब्द. ‘अंध’ हा शब्द. ही साइट अंधांसाठी आहे हे गूगलला कळायला नको का? मी होमपेज उघडलं, तर वर काय लिहिलंय? ‘कानांच्या अंगणी’." त्याने ते शब्द अशा आवाजात वाचले, की मला स्टूलही उंच वाटू लागले. "असं कोण सर्च करतं? तुम्ही करता का, साहेब?"

"मी टायर सर्च करतो," बापूसाहेब म्हणाले. त्यांचे टायरचे शोरूम होते.

"तेच म्हणतोय मी! कुणी लिहिलंय हे?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. प्रमिलानेही तोंड माझ्या दिशेला वळवले. आणि मी तर हूं की चूं केले नव्हते.

"हे आमचे आठल्ये. फार वाचतात," बापूसाहेबांनी खुलासा केला, पाहुण्यांना घरातल्या माणसाचा आजार सांगावा तसा.

या गोष्टीला आता बारा-चौदा वर्षे झाली असतील. आमची संस्था म्हणजे स्वरवाचन मंडळ. आम्ही पुस्तके मोठ्याने वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करायचो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना ते पाठवायचो. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोबाइलवर. त्यासाठी मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला जाड पडदा. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी ‘शांतता राखा’ या पाटीखाली गेली, आणि ती पाटी माझ्यासाठीच लावली आहे असे मुले म्हणत. पण त्या खोलीत, दार लावून, समोर कोणी नसताना, मी बरा वाचतो असे प्रमिला म्हणायची. ती म्हणायची म्हणून मी ते धरून चाललो होतो.

प्रमिला ही संस्थेची एकमेव पगारी माणूस. आमचे खोकले, अडखळणे, पाने उलटल्याचे आवाज कापून ती ध्वनिमुद्रण साफ करायची, वाचकांचे फोन घ्यायची, कोणाला काय आवडते ते तोंडपाठ ठेवायची. त्याआधी चाळिशीपर्यंत ती भावाच्या घरी बसून होती. "भाजीसुद्धा निवडू द्यायचे नाहीत, काका," तिने एकदा सांगितले होते. "अळी राहील म्हणून. जेवायला वाढायचे आणि रेडिओ लावून द्यायचे. देवासारखं ठेवलं होतं मला. नुसतं बसवून."

ती खोली जाणार होती, हा खरा प्रश्न होता. बापूसाहेबांना तिथे त्यांच्या वडिलांच्या नावाने स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढायची होती. "पोरं अभ्यासाला बसली की दिसतात," ते म्हणायचे. "फोटो निघतो. तुमचे वाचक कुठं दिसतात?" जुने वाचक एकेक करून जात होते आणि नव्यांना आम्ही असल्याचे ठाऊक नव्हते, हे खरेच होते. बापूसाहेब लोकशाहीवादी असल्यामुळे त्यांनी लगेच खोली काढून घेतली नाही. जानेवारीतल्या वार्षिक सभेपर्यंत वेबसाइटवरून नवे वाचक आले तर खोली राहील, नाहीतर अभ्यासिकेचा ठराव, असे त्यांनी जाहीर केले. वेबसाइट गूगलवर कितीही शोधली तरी सापडत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच, मोठ्या मनाने, पुण्याहून तज्ज्ञ आणला.

वेबसाइटचा मजकूर मी भरला होता. हा माणूस पुस्तके वाचतो त्या अर्थी त्याला वेबसाइट लिहिता येत असेल, असा कार्यकारिणीचा कयास होता. ती आपली आपणच भरता येईल अशा प्रकारची होती. पासवर्ड टाकून आत गेले की चौकटी दिसत, इथे शीर्षक, इथे मजकूर, इथे फोटो. प्रत्येक फोटोखाली एक छोटी चौकट असे: ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णन. ती सगळे लोक रिकामी सोडतात, असे मला नंतर कळले. मला मात्र ती फार आवडली. डोळस माणसाला तिथले काही दिसत नाही. प्रमिलाच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, तो तेवढा ते बोलायचा. म्हणजे लिहायचे, आणि बहुतेक जगाला कळायचेच नाही. माझ्यासारख्याला याहून सोयीचे काय?

प्रमिलाच्या फोटोखाली मी लिहिले होते: "खिडकीजवळ एक बाई बसली आहे. कानांवर हेडफोन. मान थोडी कलती, जणू शेजारच्या खोलीत कोणी आपल्याविषयी बोलते आहे. ती हसते आहे, पण ते हसू तिने अजून ओठांपर्यंत येऊ दिलेले नाही."

तिने ते यंत्राच्या सपाट आवाजात दोनदा ऐकले होते.

"मी अशी दिसते?"

"साधारण."

"साधारण दिसते की साधारण अशी दिसते?"

"अशी दिसता," मी म्हणालो, आणि चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

पोतनीस कामाला लागला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे उत्साह होता, आलेख होते, आणि न कळणाऱ्या माणसाला ते आणखी कळू नये इतकी इंग्रजी होती. त्याने ‘कानांच्या अंगणी’ काढून तिथे ‘अंधांसाठी मोफत मराठी ऑडिओ पुस्तके’ असे टाकले. मला वाईट वाटले, पण मनाशी कबूल करावे लागले की माणसाला हवे असते ते हेच, आणि अंगणात कोणी पुस्तके शोधायला जात नाही. मग त्याने ‘आमचे वाचक’ हे पान उघडले आणि त्याला ‘अंधांनी ऐकलीच पाहिजेत अशी दहा पुस्तके, सातवे ऐकून थक्क व्हाल!’ असे नाव दिले.

"सातवं कुठलं?" प्रमिलाने विचारले.

"ते ठरवू, मॅडम. आधी लोक थक्क व्हायला आले पाहिजेत."

मला त्याने लेख लिहायला बसवले. ठरावीक शब्द ठरावीक अंतराने आले पाहिजेत, एवढीच अट. मी खोलीत दार लावून बसलो आणि लिहिले: "अंधांसाठी मराठी ऑडिओ पुस्तके शोधत आहात? कराडमध्ये अंधांसाठी मराठी ऑडिओ पुस्तके मिळतात का? होय, कराडमध्ये अंधांसाठी मराठी ऑडिओ पुस्तके मिळतात. कराडमधील अंधांसाठी मराठी ऑडिओ पुस्तके म्हणजे काय, ते आता पाहू."

पोतनीस वाचून खूष झाला. "सर, ह्यात फ्लो आहे! तुम्ही आधी का नाही असं लिहिलंत?"

आयुष्यात माझ्या लिखाणाचे कोणी कौतुक केले ते हे पहिलेच. जपून ठेवावे की विसरावे, हे माझे अजून ठरलेले नाही. मी आणखी लेख लिहिले. एका लेखात तर ते ठरावीक शब्द आणि क्रियापदे सोडली तर दुसरे शब्दच उरले नव्हते. लाज वाटायची, पण वाटायचे, कदाचित त्याचेच बरोबर असेल. माझ्या वाक्यांनी तोवर कोणाला आणले होते?

दिवाळी गेली. गूगलवर आम्ही नव्हतो. बापूसाहेब रोज शोरूममधून मोबाइलवर शोधायचे. "चष्म्याची दुकानं येतायत," ते फोनवर सांगायचे. "डोळ्यांचे दवाखाने येतायत. हैदराबादचं एक येतंय. आपलं नाव घालून शोधलं तरी आपण येत नाही. हे काय ओ आठल्ये?"

"वेळ लागतो म्हणतात, साहेब."

"सभेला किती वेळ राहिलाय माहितीय ना? मी बांधकामवाल्याला बोलावून माप घेऊन ठेवलंय. म्हणजे, गरज पडली तर."

माप घ्यायला आलेला माणूस खोलीत टेप लावत असताना प्रमिला हेडफोन घालून कोणाचा तरी खोकला कापत होती. त्याने तिला पाय उचलायला सांगितले. तिने उचलले.

पोतनीसला फोन केला की तो म्हणायचा, अंध अजून वाढवावे लागतील. शब्द वाढवायला जागा उरली नव्हती, म्हणून तो फोटोंच्या चौकटींकडे वळला. हे मला सांगायचे त्याला कारण नव्हते. त्या चौकटी भरलेल्या असतात हेच त्याला विचित्र वाटले असणार.

मला कळले ते एका दुपारी. मी वाचून बाहेर आलो, तर प्रमिला संगणकासमोर अगदी ताठ बसलेली. तिने कळ दाबली. यंत्र आपल्या सपाट आवाजात म्हणाले: "चित्र. सर्वोत्तम अंध, मोफत मराठी ऑडिओ, कराड."

"हा माझा फोटो," ती म्हणाली.

मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो.

"पुढचा ऐका." तिने कळ दाबली. "चित्र. अंध पुस्तके, अंध ग्रंथालय, अंध कराड." "हा आपल्या दारातल्या चाफ्याचा. आणि हा बापूसाहेबांचा." कळ. "चित्र. स्वस्त व उत्तम अंध सेवा."

मी हसलो नाही. ती हसली, आणि मग थांबली.

"काका, मला लहानपणापासून पुष्कळ लोकांनी पुष्कळ काय काय म्हटलंय. आंधळी म्हटलंय, बिचारी म्हटलंय, सूरदास म्हटलंय. सर्वोत्तम अंध कुणी म्हटलं नव्हतं. मला बढतीच मिळाली म्हणायची." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "माझी मान कलती होती ना ओ? ती कुठं गेली?"

"मी परत लिहितो."

"आठवतंय?"

"हो."

आता ते आठवत होते, हे कबूल करताना मला जितकी लाज वाटली तितकी ते लेख लिहितानाही वाटली नव्हती.

पण परत लिहायचे कुठे हे मला सापडेना. पोतनीसने आतली मांडणी बदलली होती, आणि अनोळखी बटणाला हात लावायची मला भीती वाटते; एखादे दाबले आणि सगळी पुस्तके उडाली तर? माझा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला.

"सरका," प्रमिला म्हणाली. "तुम्ही बघत बसता म्हणून भिता. मला सगळं ऐकूनच जावं लागतं."

ती खुर्चीत बसली आणि कळफलकावरून एकेक ओळ ऐकत चालली. यंत्र बोलत होते: साइटचे नाव. घोषवाक्य. तारखेचा नमुना. आठवड्याची सुरुवात. मुखपृष्ठावर किती नोंदी दाखवाव्यात. आणि मग: "चौकट. खूण केलेली. शोधयंत्रांनी ही वेबसाइट दाखवू नये, अशी सूचना द्या."

ती एक ओळ मागे गेली. यंत्र पुन्हा तेच म्हणाले, त्याच आवाजात.

"शोधयंत्र म्हणजे गूगलच ना?" तिने विचारले.

"तेच."

"मग आपण इतके दिवस काय करत होतो, काका? शटर पाडून पाटी रंगवत होतो?"

तेव्हा मला सगळे आठवले. आणि ते आठवायला मला इतके दिवस लागले याचे कारण, आमच्या संस्थेत ते कोणालाच चमत्कारिक वाटले नव्हते.

बापूसाहेबांच्या कारकिर्दीत उद्घाटनाशिवाय काही सुरू होत नसे. पाण्याच्या फिल्टरला कोनशिला होती. अंगणातल्या बाकाला होती. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीलाही होती, आणि तीवर तत्कालीन नगराध्यक्षांचे नाव होते. वेबसाइट तयार झाली तेव्हा तिचीही ग्रॅनाइटची कोनशिला कोरून आणली गेली. संकेतस्थळाचे उद्घाटन, माननीय मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते. कार्यकारिणीत ठराव झाला: शुभहस्त लागेपर्यंत वेबसाइट कोणाच्या नजरेस पडू नये. "नवरी मंडपात यायच्या आधी गावभर फिरते का?" असे बापूसाहेब म्हणाले होते आणि सगळे हसले होते. मीसुद्धा हसलो होतो. वेबसाइट बनवणाऱ्या माणसाने सांगितल्याप्रमाणे खूण केली आणि तो निघून गेला. पुढे मंत्र्यांची तारीख मिळाली, आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली, तर मंत्र्यांचे खाते गेले. खाते मिळाले, तर त्यांचे आणि बापूसाहेबांचे बिनसले. कोनशिला कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभी होती.

मी पोतनीसला फोन लावला. एवढे बोलायला मला आधी दोन घोट पाणी प्यावे लागले.

"ओह," तो म्हणाला. "इंडेक्सिंगच ऑफ आहे का? इंटरेस्टिंग!"

"तुम्ही... म्हणजे, सुरुवातीला बघतात का ते?"

"सर, सेटिंग्ज आमच्या पॅकेजमध्ये येत नाहीत. आम्ही कंटेंट बघतो."

खूप काही बोलण्यासारखे होते. मी म्हणालो, "बरं, आभारी आहे."

मग मी बापूसाहेबांच्या शोरूममध्ये गेलो. टायरांच्या उतरंडीमधून वाट काढत त्यांच्या टेबलापर्यंत पोचलो आणि उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे ती खूण काढायची म्हणता?"

"हो, साहेब. मग आपण दिसू."

"उद्घाटनाआधी?"

"पण साहेब, खूण असेपर्यंत गूगल आपल्याला दाखवणार नाही."

"आठल्ये, मी लोकांपासून झाका म्हटलं होतं. गूगलपासून झाका कुठं म्हटलं?" ते खुर्चीत मागे रेलले. "आणि ठराव आहे तो. सर्वानुमते झालाय. तुम्ही पण हात वर केला होता. उद्या उद्घाटन असेल आणि मंत्रिसाहेबांच्या पीएनं आधीच मोबाइलवर उघडून बघितली, तर मी काय तोंड दाखवू?"

"पण सभेच्या आत नवे वाचक..."

"ते पोतनीस बघतायत की. हुशार माणूस आहे. तुम्ही चहा घेणार?"

मी चहा घेतला. वेबसाइट दिसू नये आणि पहिल्या पानावर यावी, या दोन्ही गोष्टी त्यांना मनापासून हव्या होत्या. अशा माणसाशी वाद घालायला जी हुशारी लागते ती माझ्यात नाही. परत येताना मी मनात त्यांना फार चांगली उत्तरे दिली.

प्रमिलाने सगळे ऐकले आणि म्हणाली, "उद्घाटन म्हणजे काय असतं ओ, काका? मी कधी बघितलेलं नाही."

"कोणीतरी मोठा माणूस येतो आणि फीत कापतो."

"मग सुरू होतं?"

"बहुतेक आधीच सुरू असतं."

"मग आपण करू. मी मोठी आहे. सर्वोत्तम आहे."

"ठराव आहे, प्रमिला."

"खोली गेली तर मी कुठं जाईन, त्याचा ठराव झालाय का?" ती आवाज न चढवता म्हणाली. "माझी वहिनी चांगली आहे. परत रेडिओ लावून देईल. तुम्हाला भीती वाटते तर तुम्ही बाहेर थांबा. मी एकटी काढते खूण. अंध बाई, चुकून कळ लागली, म्हणून सांगा."

मी बाहेर थांबलो नाही. पण लगेच होही म्हणालो नाही. मला दुसरीच भीती होती आणि ती तिला सांगावी लागली. आता खूण काढली तर लोकांना दिसणार ते काय? ‘सर्वोत्तम अंध, कराड’ आणि क्रियापदांचा तो लेख. ते काढून माझी वाक्ये घालावीत असे मला फार वाटत होते. पण माझ्या वाक्यांनी कोणीच आले नाही, तर खोली माझ्यामुळे जाईल. पोतनीसचे शब्द चुकीचे आहेत की नुसते कुरूप आहेत, हे मला ठरवता येत नव्हते.

प्रमिलाने विचार केला.

"त्यांचं वरचं नाव राहू द्या," ती म्हणाली. "अंधांसाठी मोफत मराठी ऑडिओ पुस्तके. ते बरोबर आहे. मला कुणी मोबाइल दिला तर मी हेच बोलेन. तुमचं अंगण कुणी शोधणार नाही, काका. राग मानू नका."

"नाही मानत."

"पण एकदा माणूस आत आला, की त्याच्याशी तुमच्यासारखं बोलायचं. दारावर पाटी, आत माणूस."

पुढच्या तीन दिवसांत मी जितके लिहिले तितके आयुष्यात लिहिले नव्हते. लेख काढून टाकले. प्रत्येक पुस्तकापुढे ते कशाविषयी आहे, कोणी वाचले आहे, आवाज कसा आहे, हे साध्या शब्दांत घातले. "वाचणारे गृहस्थ मधूनच खोकतात, प्रमिला इंगवले यांनी शक्य तितके कापले आहेत," हेही घातले. थक्क करणारे सातवे पुस्तक काढले. सगळ्या फोटोंखाली पुन्हा वर्णने लिहिली. चाफ्याखाली चाफा आला. बापूसाहेबांच्या फोटोखाली मी लिहिले, "संस्थेचे अध्यक्ष. ते कॅमेऱ्याकडे पाहत आहेत," आणि प्रमिलाने त्यात काही घालायचे सुचवले ते घातले नाही.

मग सकाळी अकराच्या सुमारास ती संगणकासमोर बसली. यंत्र म्हणाले: "चौकट. खूण केलेली." तिने स्पेसबार दाबला. यंत्र म्हणाले: "खूण नाही." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण दोन माणसांत त्या बऱ्या दिसत नाहीत.

पहिले आठ-दहा दिवस काही झाले नाही. मी रोज मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. तो चांगला जमत होता. मग एक फोन आला, जालन्याहून. मग बेळगावहून. मग एका दिवशी दोन. प्रमिला म्हणाली, अध्यक्षांना सांगू नका. मी म्हटले, का? ती म्हणाली, सांगितलं तर ते विचारतील कसं काय, आणि तुम्ही खरं बोलाल.

वार्षिक सभा संस्थेच्याच पुढच्या हॉलमध्ये भरली. सभासद आले, लाडू-चिवडा झाला, अहवाल वाचून झाला. बापूसाहेब माइकसमोर उभे राहिले. त्यांच्या हातात ठराव होता, आणि अभ्यासिकेच्या फलकाचा नमुनासुद्धा कोपऱ्यात कापडाखाली उभा होता.

"आपण सर्वांनी वाट बघितली," ते म्हणाले. "संस्थेनं तज्ज्ञ आणले. पोतनीससाहेब आज मुद्दाम पुण्याहून आलेत. पण नव्या वाचकांचं काय? इंगवलेबाई, वेबसाइट बघून नवे वाचक किती आले, सभेला सांगा."

आतल्या टेबलावरचा फोन वाजू लागला.

"बंद करा ओ तो," बापूसाहेब म्हणाले.

"संस्थेचा आहे, साहेब," प्रमिला दारातून म्हणाली. "तुम्ही विचारताय ते तोच सांगेल. घेऊ का?"

सभासदांत हशा पिकला. मागच्या रांगेतल्या क्षीरसागरबाई, ज्या सभेत कधी बोलत नसत, म्हणाल्या, "घे गं बाई." प्रमिलाने फोनचा स्पीकर लावला आणि वायर पुरेल तितका तो दारापर्यंत आणला.

"हॅलो? ते ऐकायची पुस्तकं तिथंच मिळतात ना?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "मी परभणीकडून बोलतोय. एसटीत कंडक्टर होतो. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. लेकीनं मोबाइलवर तुमचं वाचून दाखवलं. लई बरं लिहिलंय बघा, माणसानं लिहिल्यावाणी."

"बोला ना, काका. कुठलं पुस्तक हवंय?"

"डाळिंबाचं आहे का काही? बाग हाये माझी. पोरगं काय करतंय ते मला कळत नाही, अन् तो सांगत नाही."

आता सगळे मोकळेपणाने हसले. प्रमिला म्हणाली, "डाळिंबाचं नाही सध्या. पण तुम्ही पुस्तकाचं नाव सांगितलंत तर आमचे आठल्येकाका वाचून देतील. खोकतात थोडे. चालेल ना?"

"चालंल की. मी पण खोकतो."

माझ्याकडे सगळे बघू लागले. मी मान हलवली. फोनला ती दिसणार नव्हती, पण दुसरे काही सुचले नाही.

प्रमिलाने फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. "किती आले ते मोजायला उसंत मिळालेली नाही, साहेब," ती म्हणाली. "सभा संपल्यावर मोजते."

क्षीरसागरबाई म्हणाल्या, "बापूसाहेब, तो ठराव ठेवा आता खिशात. अभ्यासिका पुढच्या हॉलमध्ये होते की."

बापूसाहेबांनी ठरावाकडे पाहिले, सभेकडे पाहिले आणि क्षणात हसले. हे त्यांना फार चांगले जमत असे. "मी काय म्हणत होतो!" ते माइकमध्ये म्हणाले. "श्रद्धा ठेवली की होतं! हे सगळं श्रेय आपल्या पोतनीससाहेबांचं!" न आलेल्या नगराध्यक्षांसाठी आणलेली शाल आणि नारळ पोतनीसला मिळाले. पोतनीस कीवर्डच्या ताकदीवर दहा मिनिटे बोलला. आपले शब्द वेबसाइटवर आता नाहीत, हे त्याने पाहिलेच नव्हते. पुढे कितीतरी ठिकाणी तो आमची संस्था उदाहरण म्हणून सांगायचा, असे ऐकले.

जाताना बापूसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलंत? तुमची ती खूण न काढताच झालं की नाही? तुम्ही उगाच घाबरवलं होतं मला."

"हो, साहेब," मी म्हणालो.

मग दोन वर्षांनी नव्या मंत्र्यांची तारीख मिळाली, आणि नवी कोनशिला आली. मांडव पडला. पडद्यावर मखमली कापड, त्याला लाल रेशमी दोरी, संगणकापुढे फुलांची परडी. त्या सकाळी बापूसाहेब घामाघूम होऊन माझ्यापाशी आले.

"आठल्ये, ती खूण आहे ना अजून? झाकलेली आहे ना? कुणी बघितली नाही ना?"

रोज वीस-पंचवीस लोक वेबसाइट बघत होते. मी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहून म्हणालो, "झाकलेली आहे, साहेब. अगदी कोणालाही ठाऊक नाही."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मंत्र्यांनी दोरी ओढली. कापड घसरले. मंत्र्यांनी एक कळ दाबली आणि वेबसाइट जशी होती तशीच पडद्यावर दिसली. प्रचंड टाळ्या झाल्या. त्या सरत आल्या तसा मागच्या खोलीतून, जाड पडद्याआडून, प्रमिलाचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "नाही ओ, आवाज कसला नाही. बाहेर काहीतरी कार्यक्रम चाललाय. तुम्ही सांगा, कुठलं पुस्तक म्हणालात?"